अडकलेपण, क्षमतेवरचा विश्वास आणि पुढची पायरी

माणूस अडकतो तेव्हा बहुधा त्याचे काम थांबलेले नसते. केलेल्या कामाचा परिणाम दिसेनासा झालेला असतो. विद्यार्थी रोज अभ्यासाला बसतो, पण गुण आहेत तिथेच राहतात. टंकलेखन शिकणाऱ्याचा वेग मिनिटाला तीस शब्दांच्या आसपास येतो आणि महिनोन्‌महिने हलत नाही. प्रयत्न आणि फळ यांचे नाते तुटल्यासारखे वाटू लागते, आणि मग खरोखरच हात आखडतो. मानसशास्त्रात या अवस्थेचा अभ्यास जवळपास साठ वर्षे चालू आहे. त्यातून पुढे आलेली सर्वांत गाजलेली कल्पना म्हणजे ग्रोथ माइंडसेट, अर्थात वर्धिष्णू मनोवृत्ती: बुद्धी आणि कौशल्य जन्मतः कायमची ठरून येत नाहीत, योग्य मेहनतीने आणि मार्गदर्शनाने ती वाढवता येतात, हा विश्वास. शाळांच्या भिंतींवरच्या तक्त्यांपासून कंपन्यांच्या कार्यशाळांपर्यंत ती आज सर्वत्र पोहोचली आहे. गेल्या दहाबारा वर्षांत तिची कसून तपासणीही झाली. त्यातून दिसते ते असे की विश्वास एकटा फार काही करत नाही. पुढची पायरी नेमकी कोणती हे दिसावे लागते, आणि ती चढल्याचे काही चीज होईल अशी परिस्थितीही लागते.

या संशोधनाचे मूळ असहायतेच्या अभ्यासात आहे. १९६७ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर काही प्रयोग केले. ते आजच्या नीतिनियमांत बसतील असे वाटत नाही. काहीही केले तरी न टळणारे विजेचे धक्के ज्या कुत्र्यांना आधी बसले होते, त्यांतली बरीचशी नंतर सुटकेची वाट मोकळी असतानाही जागची हलली नाहीत. समोरची बुटकी आडभिंत ओलांडली की धक्का थांबणार होता, पण ती निमूटपणे सोसत राहिली. संशोधकांनी याला ‘शिकलेली असहायता’ म्हटले: आपल्या करण्याने काही बदलत नाही हे कुत्री शिकली, असा त्याचा अर्थ.

पुढे मायर मेंदूविज्ञानाकडे वळले, आणि २०१६ मध्ये दोघांनी मिळून आपलाच जुना सिद्धान्त उलटा केला. दीर्घकाळ त्रास झाला की निपचित होणे ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया असते, ती शिकावी लागत नाही. शिकावे लागते ते नियंत्रण. आपण काही केले की परिस्थिती बदलते हा अनुभव मेंदूचा पुढचा भाग नोंदवतो आणि त्या मूळ प्रतिक्रियेला आवर घालतो. अडकलेल्या माणसाच्या दृष्टीने या दुरुस्तीचे मोल फार मोठे आहे. त्याच्यातून काही वजा करायचे नसते, आपल्या कृतीने फरक पडल्याचा अनुभव त्याच्या खात्यात जमा करायचा असतो. तो अनुभव उपदेशातून येत नाही.

वर्धिष्णू मनोवृत्तीची कल्पना पुढे ज्यांनी मांडली त्या मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांनी असहायतेचा हाच प्रश्न शाळकरी मुलांच्या बाबतीत विचारला. १९७५ च्या त्यांच्या प्रयोगात अपयश आले की पूर्ण कोलमडणारी १२ मुले होती. निम्म्यांना फक्त जमतील अशीच गणिते दिली गेली. उरलेल्यांना अधूनमधून अपयश येऊ दिले आणि मेहनत कमी पडली, ती वाढवता येईल, हे सांगितले. नंतर सगळ्यांनाच अवघड गणिते दिल्यावर पहिला गट पूर्वीसारखाच ढेपाळला; दुसरा टिकून राहिला. सतत यश चाखवले की आत्मविश्वास वाढतो, ही समजूत निदान या मुलांपुरती खोटी ठरली.

त्यानंतर कॅरल डायनर यांच्यासह १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास अधिक बारकाईचा होता. पाचवीच्या मुलांना आधी सुटणारी आठ कोडी दिली, मग त्यांच्या वयाला न सुटणारी चार. सोडवताना मनात येईल ते मोठ्याने बोलायचे होते. पहिल्या आठ कोड्यांत सगळी मुले सारखीच होती, तेव्हा फरक बुद्धीचा नव्हता. न सुटणारी कोडी समोर येताच काही मुले आपली स्मरणशक्ती वाईट असल्याचे सांगू लागली, काहींनी कोड्याशी संबंध नसलेले विषय काढले, आणि मघाशी वापरलेली चांगली युक्ती सोडून ती वाटेल ते उत्तर देऊ लागली. दुसऱ्या काही मुलांनी अपयशाला अपयश म्हटलेच नाही. ती स्वतःला सूचना देत होती, वेग कमी करून पुन्हा पाहत होती, काहींना तर अवघड कोडे आल्याचा आनंद झाला होता. दोघींनी लिहिलेल्या पुढच्या शोधनिबंधात आणखी एक गोष्ट आली. असहाय झालेल्या मुलांना आधी किती कोडी सुटली हे विचारले, तर ती प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा सांगत. अपयशाने त्यांच्या हातचे यशही पुसून टाकले होते.

असे का होते याचे ड्वेक यांनी शोधलेले उत्तर म्हणजे बुद्धीविषयीची मुलाची स्वतःची धारणा. एलन लेगेट यांच्यासह १९८८ मध्ये त्यांनी ती मांडणी पूर्ण केली. बुद्धी ठरावीकच असते असे मानणाऱ्याला प्रत्येक परीक्षा स्वतःच्या किमतीचा निवाडा वाटते, त्यामुळे उघडे पडण्याचा धोका असेल तिथे तो फिरकत नाही. बुद्धी वाढते असे मानणाऱ्याला तीच परीक्षा आपण कुठवर आलो हे सांगते. हाँगकाँग विद्यापीठात याचा एक बोलका दाखला मिळाला. तिथे शिक्षण इंग्रजीतून चालते आणि काही विद्यार्थी कच्च्या इंग्रजीनिशी येतात. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा विद्यार्थ्यांना इंग्रजी सुधारण्याचा वर्ग कराल का, असे विचारले. बुद्धी वाढते असे मानणाऱ्यांनी त्यात जास्त रस दाखवला. ज्यांना ती स्थिर वाटत होती, ते गरज असूनही उत्सुक नव्हते. मराठी माध्यमातून अभियांत्रिकीला किंवा वैद्यकीयला गेलेला विद्यार्थी पहिल्या वर्षी वर्गात शंका का विचारत नाही, हे यावरून समजू शकते.

बुद्धी मोजण्याची चाचणी ज्यांनी तयार केली, ते आल्फ्रेड बिने स्वतः बुद्धी स्थिर मानणाऱ्यांच्या विरोधात होते, हे इथे नोंदवायला हवे. १९०५ ची त्यांची चाचणी शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना वेगळी मदत देण्यासाठी होती, आणि १९०९ च्या पुस्तकात त्यांनी सराव व पद्धत यांनी बुद्धी वाढवता येते असे ठामपणे लिहिले. ही चाचणी अमेरिकेत गेल्यावर तिचा माणसांवर शिक्के मारण्यासाठी वापर झाला.

पालकांपर्यंत ही कल्पना पोहोचली ती मुख्यतः कौतुकाच्या प्रयोगांमुळे. क्लॉडिया म्युलर आणि ड्वेक यांनी १९९८ मध्ये सहा अभ्यास एकत्र प्रसिद्ध केले. पहिली कोडी सुटल्यावर काही मुलांना ‘हुशार आहेस’ म्हटले गेले, काहींना ‘चांगली मेहनत केलीस’. पुढचे काम निवडायला सांगितल्यावर मेहनतीची शाबासकी मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी नवे शिकवणारे काम घेतले. हुशारीची शाबासकी मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी हुशारी टिकून दिसेल असे. अवघड कोड्यांत आपटी खाल्ल्यानंतर आपले गुण दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलाला लिहून कळवायचे होते. हुशार म्हटलेल्या मुलांपैकी ३८ टक्क्यांनी गुण फुगवून लिहिले. मेहनतीचे कौतुक झालेल्यांत हे प्रमाण १३ टक्के होते. हा निष्कर्ष सगळीकडे तसाच येतो असे मात्र नाही. चीनमध्ये ६०० हून अधिक मुलांवर केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो तितका दिसला नाही.

२००६ मध्ये ड्वेक यांचे ‘माइंडसेट’ पुस्तक आले आणि दुसऱ्याच वर्षी न्यूयॉर्कच्या शाळांतील सातवीच्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास. मेंदू वापराने कसा बदलतो हे आठ तासिकांत शिकवलेल्या मुलांची गणितातली घसरण थांबली, तुलनेच्या गटाची चालू राहिली. प्रयोगात ९१ मुले होती. एवढ्या लहान आकड्यावर जगभर धोरणे उभी राहिली, आणि अपेक्षाभंगाची बीजे तिथेच पडली.

मोठे हिशेब नंतर झाले. २०१८ मध्ये व्हिक्टोरिया सिस्क, ब्रूक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. मनोवृत्ती आणि शैक्षणिक यश यांचा संबंध ०.१० इतका क्षीण निघाला, आणि मनोवृत्ती बदलणाऱ्या उपक्रमांचा सरासरी परिणाम ०.०८ प्रमाण विचलन (गुणांच्या पसाऱ्याचे माप). इंग्लंडमध्ये १०१ शाळांत सहावीच्या मुलांवर घेतलेल्या चाचणीत भाषा-गणितात काहीच जादा प्रगती दिसली नाही. २०२३ मध्ये मॅकनमारा आणि अलेक्झांडर बर्गॉइन यांनी ६३ अभ्यास तपासून परिणाम ०.०५ वर आणला, आणि अनुकूल निष्कर्षच जास्त छापले जातात हे हिशेबात धरून दुरुस्ती केल्यावर तोही टिकत नाही असे म्हटले. त्याच नियतकालिकात त्याच वर्षी जेनी बर्नेट आणि सहकाऱ्यांनी सरासरीपलीकडे पाहा, परिणाम कुणावर होतो ते पाहा, अशी भूमिका मांडली.

या वादात सर्वांत भक्कम पुरावा डेव्हिड येगर, ड्वेक आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या राष्ट्रीय अभ्यासाचा आहे. अमेरिकेतल्या ६५ सरकारी शाळा यादृच्छिक पद्धतीने निवडल्या, नववीचे सुमारे १२,००० विद्यार्थी घेतले आणि विश्लेषण कसे करायचे हे आधीच जाहीर करून टाकले. कार्यक्रम संगणकावरच्या दोन बैठकांचा, दोन्ही मिळून तासाभराहून कमी. आधी मागे पडलेल्या विद्यार्थ्यांची सरासरी श्रेणी ०.१० ने वाढली. वाढ लहान आहे. पण एका तासाच्या, जवळपास फुकट उपक्रमाने वर्षअखेरची श्रेणी हलते हीच नवलाची गोष्ट, आणि ज्या शाळांत अवघड काम हाती घेणे मित्रांमध्ये मान्य होते तिथे ती जास्त हलली. याच अभ्यासातल्या गणितवर्गांची नंतर वेगळी तपासणी झाली तेव्हा असे दिसले की ज्यांच्या शिक्षकाचा स्वतःचा विश्वास वाढीवर होता, त्यांनाच फायदा झाला. शिक्षक मनातून ‘गणित काहींनाच येते’ असे मानत असेल, तर संगणकावरचा धडा वर्गात शिरल्यावर विरून जातो.

यावरून पुढची पायरी का महत्त्वाची हे लक्षात येते. तिसरीतला मुलगा बावन्नातून सत्तावीस वजा करताना पस्तीस उत्तर लिहितो. वर्षभर तो असेच करतो आहे. त्याला ‘मेहनत कर, तुला जमेल’ म्हटले तर तो आणखी वीस गणिते त्याच चुकीने करील. शिक्षकाने जवळ बसून, कसे केलेस ते सांग म्हटले, तर कळते की दोनातून सात जात नाहीत म्हणून त्याने सातातून दोन वजा केले. मोठ्यातून लहान वजा करायचे हा नियम त्याने एकेका अंकाला लावला आहे. त्यात हुशारीची उणीव नाही, उलट एक नियम प्रामाणिकपणे पाळलेला आहे. काड्यांचा एक गठ्ठा सोडून दहा काड्या सुट्ट्या करून दाखवल्या की हातचा म्हणजे काय हे त्याला दिसते, आणि त्याच दिवशी पंचवीस उत्तर येते. आपल्या करण्याने उत्तर बदलले, हा अनुभव त्याला मिळतो. ड्वेक यांनाही २०१५ मध्ये शिक्षकांना हे बजावून सांगावे लागले: नुसत्या प्रयत्नाची स्तुती म्हणजे ही मनोवृत्ती नव्हे, प्रयत्न निष्फळ ठरत असेल तर पद्धत बदलायला आणि मदत मागायला शिकवले पाहिजे.

याच दिशेचा मोठा पुरावा मुंबई-वडोदऱ्यातला आहे. प्रथम या संस्थेने मुंबई आणि वडोदरा येथील सरकारी शाळांत तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांसाठी वस्तीतल्याच तरुण मुलींना ‘बालसखी’ म्हणून नेमले. दिवसातले दोनेक तास लहान गटात, मुलाला जिथवर येते तिथून पुढे शिकवायचे, एवढेच काम. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचे मूल्यमापन केले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शाळांचे सरासरी गुण पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले. मोजमापे निराळी असल्याने हे आकडे अमेरिकेतल्या आकड्यांशेजारी ठेवून थेट वजाबाकी करता येत नाही. तरी शाळेला वेळ आणि पैसा कशावर खर्च करावा असा प्रश्न पडला, तर उत्तर स्पष्ट आहे. मुलाला त्याची पायरी दाखवणारे माणूस आधी, तक्ते नंतर.

भारताबाबत आणखी एक निरीक्षण आहे. अनीता रत्तन, कृष्णा सावनी, ड्वेक आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले की कोणीही माणूस अतिशय बुद्धिमान होऊ शकतो हा विश्वास अमेरिकनांपेक्षा भारतीयांत जास्त आढळतो. प्रयत्नांती परमेश्वर म्हणणाऱ्या समाजात हे अनपेक्षित नाही, जरी जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही हेही तोच समाज म्हणतो. तेव्हा इथे कमी पडतो तो विश्वासच, असे धरून चालणे बरोबर नाही. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांचा उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतला प्रयोग त्याहून अस्वस्थ करणारा आहे. सहावी-सातवीतल्या मुलांना कागदावरचे भुलभुलैये सोडवायचे होते, प्रत्येकी एक रुपया बक्षीस. जात कोणी उच्चारली नाही तेव्हा उच्च आणि तथाकथित खालच्या जातींतल्या मुलांची कामगिरी सारखी होती. बापाचे, आजोबांचे नाव आणि जात सर्वांसमोर पुकारली, तेव्हा खालच्या मानल्या गेलेल्या जातींतल्या मुलांची कामगिरी लक्षणीय घसरली. मुले तीच, कोडी तीच, बक्षीसही तेच. अशा मुलाला ‘मनोवृत्ती बदल’ सांगणे म्हणजे वर्गातल्या अन्यायाचा भार त्याच्याच डोक्यावर ठेवणे होय. एलिझाबेथ कॅनिंग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात १५० प्राध्यापक आणि १५,००० विद्यार्थी पाहिले तेव्हाही असेच दिसले: बुद्धी स्थिर मानणाऱ्या प्राध्यापकांच्या वर्गांत गोऱ्या आणि वंचित वंशगटांतील विद्यार्थ्यांच्या गुणांतली दरी दुप्पट होती.

प्रौढांचे अडकणे बऱ्याचदा कौशल्याच्या सपाटीचे असते. तार खात्यातले शिकाऊ संदेश घेण्याचा वेग कसा वाढवतात हे विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी १८९७ मध्येच आलेखावर दाखवले. वेग चढतो, मग कित्येक आठवडे आडवा राहतो, मग पुन्हा चढतो. आडव्या काळात शिकाऊ अक्षरे ओळखण्याकडून शब्द ओळखण्याकडे सरकत असतो असे त्यांचे म्हणणे होते. अँडर्स एरिक्सन यांच्या १९९३ पासूनच्या कामाने हे पुढे नेले: सवयीने केलेला सराव सपाटी मोडत नाही. तीस शब्दांवर अडलेल्याने रोज तोच उतारा त्याच गतीने टंकला तर वेग तिथेच राहील. काही मिनिटे मुद्दाम सोसवत नाही इतक्या वेगाने टंकले की रफार, पोटफोड्या ष, तीन अक्षरांचे जोडाक्षर अशा नेमक्या जागी बोट अडखळते ते कळते, आणि सराव त्या जागांचा करता येतो. मेंदू प्रौढपणीही बदलतो याला पुरावा आहे. लंडनमधील टॅक्सीचालकांची रस्ते पाठ असण्याची परीक्षेची तयारी करणाऱ्या ७९ उमेदवारांपैकी ३९ उत्तीर्ण झाले, आणि काही वर्षांच्या अभ्यासानंतर मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या मागच्या बाजूला वाढ दिसली ती त्या ३९ जणांतच.

काहींचे अडकणे मात्र आजार असते. उठवत नाही, कशात मन लागत नाही, आठवडेच्या आठवडे असे जात असतील तर ते नैराश्य असू शकते आणि त्याला उपचार लागतो. गोव्यात संगाथ या संस्थेने विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली केलेले काम इथे मोलाचे आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांपैकी निम्म्यांना, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका दिल्या. पद्धत अशी की मन तयार होण्याची वाट पाहायची नाही. शेजारणीकडे जाणे, थांबलेले शिवणकाम दहा मिनिटे हाती घेणे, असे एखादे लहान काम ठरवायचे, करायचे आणि मनावर काय परिणाम झाला ते पुढच्या भेटीत बोलायचे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ६४ टक्क्यांची लक्षणे ओसरली होती. फक्त नेहमीची सुधारित सेवा मिळालेल्यांत ३९ टक्क्यांची. मायर आणि सेलिगमन यांनी मेंदूत जे पाहिले, तसेच काहीसे इथे आरोग्य केंद्राच्या बाकावर घडले.

अडकण्याचा एक प्रकार मात्र या सगळ्यात बसत नाही: जागाच कमी असतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेला ५,९२,१४१ उमेदवार प्रत्यक्ष बसले, आणि शेवटी शिफारस झाली १,०१६ जणांची. पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांत चौथ्या-पाचव्या अटेम्प्टची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने क्षमता कितीही वाढवली तरी जागा वाढत नाहीत. ‘हार मानू नकोस’ हा सल्ला इथे देणाऱ्याला स्वस्त आणि घेणाऱ्याला महाग पडतो. आयोग निकालानंतर गुण देतो. तीन वर्षांची गुणपत्रके शेजारी ठेवली तर पुष्कळ गोष्टी दिसतात. निबंधाचे गुण तिन्ही वर्षी तेच असतील, तर वाचन वाढवून उपयोग नाही, लिहिलेले कुणाकडून तरी कठोरपणे तपासून घ्यावे लागेल. पद्धत बदलल्यानंतर गुण चढत असतील, तर आणखी एका प्रयत्नाला आधार आहे. पद्धत बदलूनही एकूण गुण तिथेच असतील आणि वय, घरची परिस्थिती आड येत असेल, तर दुसरे काम धरण्यात पराभव नाही. कार्स्टन व्रॉश आणि मायकेल शायर यांनी २००३ मध्ये सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, आवाक्याबाहेर गेलेले उद्दिष्ट सोडून नवे हाती घेऊ शकणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य अधिक चांगले आढळले.